टाळी कुठे पडते?

प्रयोग सुटला की मेकअप रूममध्ये चहा येतो, नट चेहऱ्यावरचा रंग उतरवू लागतात आणि बोलणं सुरू होतं. दुसऱ्या अंकातलं ते वाक्य आज का पडलं? गेल्या रविवारी ठाण्याला तिथे कडकडून टाळी आली होती, आज नुसता हशा. समोरच्याने पेला जरा आधी ठेवला का? की आपलाच श्वास पुरला नाही? तिकीटविक्रीचा हिशोब निर्मात्याकडे असतो. नटांचा हिशोब हा असा वाक्यावाक्याचा असतो. शेवटी सगळे रांगेत उभे राहिल्यावर टाळ्या किती पडल्या, याबद्दल त्या खोलीत क्वचितच कुणी बोलतं. त्या पडणारच असतात.

टाळीला आपण कौतुकाची पावती समजतो. नाटक पाहिलं, आवडलं, टाळ्या वाजवल्या, घरी गेलो. मराठी रंगभूमीवर मात्र टाळी कितीतरी वर्षं नाटकाच्या आत होती. प्रयोगाची लय, त्याची लांबी, नटाचा श्वास, लेखकाची वाक्यरचना हे सगळं तिच्या हिशोबाने ठरत होतं. ती हळूहळू मधून सरकत सरकत शेवटाला गेली. आज पडदा पडल्यावर आपण उभं राहून टाळ्या वाजवतो, पण नाटक चालू असताना पूर्वीइतके बोलत नाही. यात आपण काहीतरी मोलाचं घालवून बसलो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

प्रेक्षकाने कुठे, कसं बोलावं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातला सत्ताविसावा अध्याय सगळा याच विषयाला वाहिलेला आहे. प्रयोग सिद्धीला गेला हे ओळखायचं कसं, हा त्यातला प्रश्न. भरत सिद्धीचे दोन प्रकार करतो, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या तोंडून आणि अंगातून दिसते. कुठे स्मित, कुठे अर्धं हसू, कुठे खळखळून हसणं. धर्माच्या कृतीला ‘साधु’, आश्चर्याला ‘अहो’, करुणाला ‘कष्टम्’. अंगावर रोमांच उभे राहतात, माणसं जागेवरून उठतात, अंगावरचं वस्त्र आणि बोटातली अंगठी काढून देतात. म्हणजे आज ज्याला आपण स्टँडिंग ओव्हेशन म्हणतो तेही या यादीत आहे. फरक इतकाच की भरताचा प्रेक्षक प्रसंगाला उठतो. रंगमंचावर काय चाललं आहे त्यावर त्याची दाद ठरते, आणि हसण्याच्या जागी ‘कष्टम्’ आलं तर प्रयोग फसला हे सगळ्यांना कळतं.

दैवी सिद्धीचं वर्णन त्याने चारच शब्दांत केलं असावं, इतकं ते थोडकं आहे: प्रेक्षागार भरलेलं, आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही. या वर्णनाचा आधार घेऊन काही जण म्हणतात की शांतता हीच सर्वांत मोठी दाद. मला ते अर्धंच पटतं. भरत दोन्ही सिद्धी मानतो, आणि मानुषीचे बारकावे तो जास्त प्रेमाने सांगतो. त्याच अध्यायात प्रयोगाचा घात कसा होतो हेही आहे. शत्रुपक्षाची माणसं मुद्दाम गोंगाट करतात, नको तिथे हसतात, शेण, ढेकळं, इतकंच काय मुंग्यासुद्धा रंगावर फेकतात. ज्याने हे लिहिलं त्याने प्रेक्षकांत बसून पुष्कळ रात्री काढल्या असणार.

आपल्या संगीत नाटकाने ही मानुषी सिद्धी टोकाला नेली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि नाटकाच्या मध्यभागी गाणारा नट उभा राहिला. गाणारा नट आला तसा ‘वन्स मोअर’ आला. इंग्रजी शब्द, पण पुढची पाऊणशे वर्षं तो सांगली, मिरज, बडोदा, नागपूर, बेळगाव इथल्या नाट्यगृहांत घरच्या शब्दासारखा वापरला गेला. पद संपलं की पिटातून आरोळी उठायची, आणि शकुंतला असो की रुक्मिणी, तिला तेच पद पुन्हा गावं लागायचं. कथेचा ओघ थांबायचा. आश्रमातून निघालेली शकुंतला पुन्हा आश्रमात येऊन उभी राहायची. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटू शकेल. त्या प्रेक्षकाला वाटत नव्हतं, कारण गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक होती. तो आला होता ती गोष्ट आज रात्री कशी फुलते ते पाहायला.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि त्यानंतर ही प्रथा शिगेला पोचली. वन्स मोअर मिळाला की बालगंधर्व तेच पद तसंच्या तसं परत गात नसत. चाल तीच, पण एखादी जागा वेगळी घ्यायची, एखादा शब्द वेगळ्या स्वरावर तोलायचा. श्रोता पुन्हा मागत होता तो अधिक मिळेल या खात्रीने. टाळीने इथे नट घडवला. त्याच्या कल्पनाशक्तीला ती रोज नवं काम देत होती. रात्री साडेनऊ-दहाला सुरू झालेली नाटकं पहाटेपर्यंत चालत ती काही एकट्या लेखकाच्या लांबणीमुळे नव्हे. प्रयोगाची लांबी प्रेक्षक ठरवत होता.

८ जुलै १९२१ ची रात्र याचं सर्वांत मोठं उदाहरण. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचे चाहते वेगळे, दोघांची गायकी वेगळी, एकाची लडिवाळ, दुसऱ्याची चढ्या सुराची आणि धडाडीची. त्या रात्री कोण सरस ठरलं याचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला, आणि तो वाद दाद कुणाला कुठे मिळाली याच भाषेत घातला गेला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. दुसरी तुलना व्हायची राहूनच गेली.

गद्य नाटकात वन्स मोअर मागता येत नाही. तिथे टाळीचं वाक्य आलं. गडकऱ्यांच्या गद्याकडे या नजरेने पाहिलं की त्यातली कारागिरी दिसते. किर्लोस्कर मंडळीत त्यांनी अगदी खालपासून नोकरी केली, रोज रात्री प्रेक्षक कुठे हलतो ते पाहिलं. त्यांची लांब लांब वाक्यं चढत जातात, अनुप्रासाने एकेक पायरी बांधतात आणि शेवटच्या शब्दावर येऊन थांबतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, ही नटाची सोयही आहे आणि परीक्षाही. अर्थाचा सगळा भार शेवटच्या शब्दावर पडतो, आणि नेमका तिथेच श्वास संपलेला असतो. शेवटचा शब्द गिळला की टाळी गेली. म्हणून जुने तालीममास्तर वाक्य मागून पुढे पाठ करून घ्यायचे, असं ऐकायला मिळतं. खरं असेल वा नसेल, त्यामागचं शहाणपण खरं आहे.

टाळी मिळणं आणि टाळी घेणं यांत फरक आहे, आणि तो पाहायचा तर विंगेत उभं राहून पाहावा. समोरून दिसतो तो नट थांबलेला. विंगेतून दिसतं की तो थांबलेला नाही. वाक्य टाकल्यावर त्याने चेहरा तसाच धरून ठेवला आहे, नजर समोरच्या पात्रावर आहे, छाती मात्र नवा श्वास भरून घेते आहे. टाळी चढते, माथ्यावर जाते, उतरू लागते. ती पूर्ण विझायची वाट तो पाहत नाही. निम्मी उतरली की पुढचं वाक्य आवाज किंचित चढवून त्या गजरावरच ठेवतो, आणि उरलेल्या टाळ्या आपोआप गप्प होतात. एक क्षण आधी बोललं तर प्रेक्षक ओशाळतो आणि त्या रात्री पुन्हा टाळी द्यायला धजत नाही. एक क्षण उशीर झाला तर प्रसंगात भोक पडतं. समोरच्या नटाचं काम याहून कठीण. त्या चार-पाच सेकंदांत त्याने भूमिकेत राहायचं, पण हलायचं नाही, पदर सारखा करायचा नाही, खोकायचं नाही. पलीकडे प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याचं बोट कळीवर तयार. अंकाचा शेवट टाळीवर असेल तर काळोख वाक्यानंतर लगेच करायचा की टाळी उचलली गेल्यावर, हे कागदावर लिहिलेलं असतं, पण त्या रात्रीचा निर्णय कानाने घ्यावा लागतो.

हे सगळं कसब बिघडूही शकतं, आणि बिघडलंही. ज्या नटाला टाळीची चटक लागते तो हळूहळू समोरच्या पात्राशी बोलणं सोडून प्रेक्षकांशी बोलू लागतो. डॉ. काशीनाथ घाणेकरांचं नाव इथे हमखास निघतं. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला त्यांचा संभाजी, ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या. रंगमंचावर पाऊल पडण्याआधी टाळ्या आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. श्रेयनामावलीत सगळ्यांच्या शेवटी ‘आणि’ लिहून त्यांचं नाव यायचं, आणि त्या ‘आणि’लाच गर्दी जमायची. प्रवेशाला पडणारी ही टाळी माणसाला असते, पात्र तोवर आलेलंच नसतं. तरीही घाणेकरांवर नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. सिनेमाने प्रेक्षक ओढून नेला त्या काळात या माणसाने तरुण पोरांना तिकिटाच्या रांगेत उभं केलं. ती टाळी उथळ असेल, पण ती नाट्यगृहात पडत होती.

प्रभाकर पणशीकरांची टाळी निराळी होती. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये, १९६२ पासून, फिरता रंगमंच वळायचा आणि तोच माणूस वेगळ्या वेषात, वेगळ्या बोलीत उभा. लखोबा लोखंडे आपल्याला फसवतो आहे हे ठाऊक असून प्रेक्षक दाद द्यायचा. फसवणुकीच्या कलेला ती टाळी होती, आणि थोडी आपण लगेच ओळखलं याचीही.

या सगळ्यांत मला सर्वांत गुंतवून टाकणारी टाळी ‘नटसम्राट’मधली वाटते. शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये आलं. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागूंचा गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकर. नाटकाची सुरुवात सत्काराने होते. निवृत्त नट समोरच्या सभेशी बोलतो, आणि ती सभा म्हणजे आपण. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा तिकीट काढून आलेले प्रेक्षक म्हणून वाजवतोच, पण बेलवलकरांच्या सत्काराला जमलेले लोक म्हणूनही वाजवतो. लेखकाने आपल्याला न विचारता भूमिका दिलेली असते. मग घर जातं, मुलं परकी होतात, अप्पासाहेब रस्त्यावर येतात, बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आसऱ्याला राहतात. तिथे ते जुनी स्वगतं म्हणतात. ऐकायला तो पोर आणि रस्ता. आणि काळोखात बसलेले आपण त्या स्वगताला टाळी देतो.

ती टाळी कुणाला असते? लागूंच्या फुप्फुसांना? शिरवाडकरांच्या शब्दांना? की बेलवलकरांना, ज्यांना त्या क्षणी फक्त टाळीच हवी आहे आणि नाटकातल्या जगात ती द्यायला कुणी उरलेलं नाही? पहिल्या प्रवेशातली टाळी आपण सहज दिली होती. शेवटची टाळी देताना आपण त्यांच्या एकटेपणात हात घालतो. वास्तववादाच्या कडक नियमाप्रमाणे अशी टाळी रसभंग ठरेल. मला वाटतं ती नसेल तर हे नाटक पुरतं उभंच राहत नाही. पुढे दत्ता भट, यशवंत दत्त आणि इतरांनी ही भूमिका केली, आणि प्रत्येकाच्या वेळी ही टाळी वेगळ्या वाक्यावर पडली असणार. शांत ऐकून शेवटी उभं राहणारा प्रेक्षक बेलवलकरांना ते देऊ शकत नाही. तोवर त्यांचा शेवट झालेला असतो.

याच्या उलट तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ मध्ये रंगायनने केलं, सुलभा देशपांडे बेणारे. खोट्या खटल्याच्या खेळात सुरुवातीला आपण मोकळेपणाने हसतो. विनोद खरेच चांगले आहेत. पुढे कळतं की आपण ज्यांच्याबरोबर हसलो ती माणसं एका बाईची शिकार करत होती, आणि आपलं हसू त्यांच्या बाजूने मोजलं गेलं आहे. शेवटी बेणारे पडून राहते तेव्हा हात उचलायला जड जातो. तेंडुलकरांना हे नेमकं कळत होतं. प्रेक्षकाची दाद त्यांनी पुरावा म्हणून वापरली.

टाळी मधून शेवटाकडे सरकली ती कशी, याचा एकच एक दिवस सांगता येत नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. घरासारखं दिसणारं घर, बायकांच्या भूमिकेत बायका, मोजकी भावगीतासारखी पदं. घरातली बाई घरातल्यासारखी गुणगुणली तर तिला पुन्हा गा म्हणून ओरडायचं कसं? पुढे छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात सत्तरीच्या दशकात नवी नाटकं झाली तेव्हा प्रेक्षक नटापासून हाताच्या अंतरावर होता. इतक्या जवळून टाळी वाजवली तर ती चपराकीसारखी ऐकू येते. त्या नाटकांनी शिकवलेली एकाग्रता मी कमी लेखत नाही. मराठी प्रेक्षक तिथे मोठा झाला. पण तोच शिष्टाचार पुढे हजार आसनांच्या व्यावसायिक प्रयोगांनाही लागू पडतो असं आपण धरून चाललो, आणि मध्येच टाळी देणारा माणूस गावंढळ ठरू लागला.

शेवटच्या टाळीवर विश्वास किती ठेवावा, याला विज्ञानानेही उत्तर दिलं आहे. २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हंगेरी आणि रोमानियातल्या नाट्यगृहांमधल्या टाळ्यांचा अभ्यास आला. तिथे गजर काही वेळाने एका ठेक्यात येतो, सगळे एकत्र वाजवतात, आणि त्यासाठी प्रत्येकाचा वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे एकूण आवाज कमी होतो, लोक उत्साहाने वेग वाढवतात, की ठेका मोडतो, पुन्हा जुळतो. २०१३ मध्ये रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना भाषणं ऐकवून केलेला अभ्यास ‘रॉयल सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टाळी साथीसारखी पसरते. खोलीत किती जण वाजवत आहेत त्यावर माणूस सुरू करतो आणि थांबतो. किती वेळ वाजली याचा संबंध भाषणाच्या दर्जाशी फारसा लागला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या नाट्यगृहांना हे प्रयोगाविना ठाऊक होतं. तिथे पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळी असे, तिचा म्होरक्या तालमी पाहून जागा ठरवत असे, रडणाऱ्या आणि हसणाऱ्या माणसांची वेगळी सोय असे.

आपल्याकडे असा धंदा उभा राहिला नाही. पण शुभारंभाच्या प्रयोगाला स्नेही, नातेवाईक आणि पासवाले पुष्कळ असतात. अनुभवी निर्माता त्या रात्रीच्या टाळ्या हिशोबात धरत नाही. चौथ्या-पाचव्या प्रयोगाला, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेला अनोळखी माणूस कुठे हलतो, ते तो मागच्या दाराजवळ उभा राहून ऐकतो.

करोनानंतर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली तेव्हा टाळीची ही साथ किती नाजूक आहे ते सगळ्यांना कळलं. एक खुर्ची सोडून एक माणूस, तोंडावर मुखपट्टी. आलेला प्रत्येक जण नाटकाच्या ओढीने आलेला, तरी हशा विरळ, टाळी तुटक. हसायला शेजारी लागतो. त्या महिन्यांत नटांना वाक्यांमधल्या जागा पुन्हा मोजाव्या लागल्या.

आता शेवटी उभं राहण्याबद्दल. गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या व्यावसायिक प्रयोगांत, नाटक बरं असो की बेतास बात, पुढच्या दोन रांगा उठल्या की सगळं सभागृह उठतं. पुढचा उठला की मागच्याला दिसत नाही, म्हणून तोही उठतो. मग मोबाइल निघतात. नटही आता त्याची वाट पाहतात, काही वेळा मागूनही घेतात. मला याचा राग येत नाही, दुःख होतं. सगळ्यांना मिळणारी दाद कुणालाच काही सांगत नाही. नटाला मेकअप रूममध्ये बसून दुसऱ्या अंकातल्या वाक्याचा विचार करता येतो तो दोन तासांत प्रेक्षक त्याच्याशी बोलला असेल तरच. शेवटी उभ्या राहणाऱ्या नटांच्या रांगेतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. हल्ली काही संस्था पडद्यामागच्या कामगारांना, नेपथ्य लावणाऱ्याला, कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना नाव घेऊन पुढे बोलावतात. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं तेव्हापासून तिथे किती माणसांनी किती सेट लावले आणि उतरवले असतील, आणि प्रेक्षकाने त्यांना कधी पाहिलंही नसेल. ही प्रथा प्रत्येक प्रयोगाला व्हायला हवी.

मधली टाळी पुरती गेलेली नाही. तमाशाच्या फडात दौलतजादा अजून होते. गाणं चालू असताना पैसे पुढे येतात, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, गाणारी त्याला उद्देशून ओळ फिरवते आणि गाणं पुढे जातं. त्यात बाईच्या वाट्याला किती अपमान येतो हेही त्याच फडात दिसतं, आणि ते झाकून दौलतजाद्याचं कौतुक करता येत नाही. पण दाद आणि कला यांच्यात तिथे पडदा नाही, एवढं खरं.

आणि विदर्भात झाडीपट्टी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. भाऊबीजेपासून तिथे मंडई म्हणजे गावजत्रा भरते आणि नाटकांचा हंगाम लागतो. वडसा म्हणजे देसाईगंज इथे कंपन्यांची कार्यालयं थाटली जातात, गावोगावचे आयोजक येऊन नाटकं ठरवून जातात, आणि कुणाचा प्रयोग कोणत्या गावात रंगला याची चौकशी आधी होते. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. भात कापून झालेल्या शेतात मंडप, थंडीत शाली-घोंगड्या पांघरून बसलेली अख्खी घरं, रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं नाटक, त्यात गाणी, विनोदी पात्रं आणि रडवणारे प्रसंग. तो हंगाम लागला की एकदा जाऊन पाहा. नागपूरहून वडशाला गाडीने सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येतं. त्या रात्री कुठल्या गावात कुठलं नाटक आहे, हे कंपनीच्या दारावर लावलेल्या फलकावरून कळतं. जाताना शाल बरोबर घ्या.